पिस्तूल की रिव्हॉल्वर? देवगडच्या बागायतदार दादांना उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे. वय ५६, देवगड तालुक्यात हापूसची बाग, घर सड्यावर एकटंच, वाडी खाली उताराला. वडिलांच्या वेळची शेती संरक्षणाची १२ बोअर एकनळी घरात आहे. सीझनमध्ये रोकड येते, गेल्या वर्षी बाजूच्या गावात घरफोडी झाली, म्हणून हँडगनसाठी अर्ज केला होता आणि तो आता मंजूर झालाय. मुंबईचा भाचा म्हणतो मामा सेमी-ऑटोमॅटिकच घे, ९ एमएम, पंधरा गोळ्यांचं. डीलर म्हणतो अशनी पिस्तूल घ्या. गावातले एक रिटायर्ड फौजी म्हणतात जुनं वॉल्थर पिस्तूल मिळतंय ते सोडू नका. "काका, बायकोलाही चालवता येईल असं काहीतरी सांगा" असंही लिहिलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, की चार वर्षांपूर्वी कलमावरून पडल्यापासून डाव्या अंगठ्यात म्हणावा तसा जोर नाही.

दादा, पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या अंगठ्यापाशीच अडकलो. तुम्ही विचारलंय कंपनीचं, गोळ्यांचं, रेंजचं, पण तुमच्या बाबतीत सगळं ठरवणार तो अंगठाच. मी बावीस वर्षं आर्मररचं काम केलंय, हत्यारं उघडायची, साफ करायची, परत जोडायची हीच नोकरी, आणि हत्यारात काही बिघाड नसताना ते फक्त हाताला जुळत नाही म्हणून माणूस अडचणीत आलेला मी इतक्या वेळा बघितलाय की आता कोणी "कुठलं घेऊ" विचारलं की मी आधी त्याचे हात बघतो.

आधी भाच्याचं बोलू. ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, ते पोलिसांना आणि लष्कराला, साध्या नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही. सिनेमात दिसतात ती बहुतेक पिस्तुलं तुमच्या यादीतून इथेच गेली, आणि कोणी "जुगाड करून देतो" म्हणाला तर त्याच्याशी बोलणंच बंद करा. आपल्यासारख्याला घरच्या संरक्षणासाठी जे मिळतं ते मुख्यतः .३२, आणि काही .२२. म्हणजे तुमची निवड वाटते तेवढी मोठी नाहीच. अजून एक, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची. तुमची १२ बोअर धरून हे दुसरं, म्हणजे कोटा संपला. घेतलं, नाही पटलं, चल दुसरं घेऊ, असं करता येणार नाही, आधी असलेलं रीतसर विकावं लागेल. म्हणून घाई नको. परवान्याच्या कागदावर पिस्तूल लिहिलंय की रिव्हॉल्वर की दोन्ही, तेही चष्मा लावून नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता .३२ चं. दुकानात सगळे नुसतं "बत्तीस" म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो. बत्तीस दोन आहेत. पिस्तुलाचं .३२ ऑटो, ज्याला ७.६५ एमएम पण म्हणतात, ते ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी काढलं. रिव्हॉल्वरचं .३२ लाँग वेगळं, ते जास्त लांब, त्याच्या बुडाला रुंद कडा. दोन्ही काडतुसं शेजारी ठेवली की लहान पोराला पण फरक कळेल, पण पुठ्ठ्याच्या बंद बॉक्सवर नुसता आकडा बघून चुकीचा बॉक्स घरी आणणारी माणसं मी बघितलीयत. एकाचं दुसऱ्यात कधीच घालायचं नाही, बसतंय असं वाटलं तरी नाही. तुमच्या १२ बोअरच्या काडतुसावर केएफ लिहिलेलं असतं ना, ती आपल्या पुण्याजवळची खडकीची फॅक्टरी, १८६९ सालापासूनची. बत्तीसची काडतुसंही तिथलीच मिळतात, त्यामुळे हत्यार जुनं असो नवं असो, खुराक बहुतेक तोच.

पिस्तुलाचं कसं असतं ते सांगतो म्हणजे अंगठ्याचं का म्हणतोय ते कळेल. मोठ्या ९ एमएम पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाईड क्षणभर एकमेकांत अडकलेली असतात, तो धक्का त्या जोडणीत जिरतो. .३२ च्या छोट्या पिस्तुलात असं काही कुलूप नसतं, गोळी पुढे गेली की धक्क्याने स्लाईड सरळ मागे येते आणि तिला अडवायला फक्त तिचं स्वतःचं वजन आणि आतली स्प्रिंग. म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. लोकांना वाटतं छोटं पिस्तूल म्हणजे हलकं काम, प्रत्यक्षात ते ओढायला मोठ्या पिस्तुलापेक्षा जड जाऊ शकतं, पकडायला जागाही कमी. आणि स्लाईड कोण ओढतो? उजव्या हातात पिस्तूल, म्हणजे ओढायचा डावा हात, अंगठा आणि तर्जनीच्या पेरात घट्ट धरून, एका दमात, पूर्ण मागे. अर्धवट ओढली, किंवा पुढे जाताना हात धरून राहिला, की काडतूस तिरकं अडकतं. मग ते काढायचं, तेही रात्री, अंधारात, छातीत धडधडत असताना, आणि परत त्याच अंगठ्याने.

अशनी वाईट नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीचं, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या, बनावट साधी, नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतं. हात धड असलेल्या माणसाला मी ते नक्की सुचवेन. फक्त .३२ ऑटोच्या काडतुसाची एक खोड आहे ती कुठलंही पिस्तूल घेतलं तरी लक्षात ठेवा. त्याच्या बुडाला अगदी बारीक कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे, मागे बसली तर दोघं एकमेकांत अडकतात आणि वर सरकतच नाहीत. म्हणून एकेक काडतूस पुढून मागे सरकवत बसवायचं, घाईघाईत वरून दाबायचं नाही. हे डीलर सहसा सांगत नाहीत.

आता रिव्हॉल्वर बघा. कानपूरच्या फॅक्टरीचं जे नेहमीचं .३२ रिव्हॉल्वर आहे ते जुन्या वेब्लीच्या धर्तीवरचं, मधून मोडून उघडतं. दादा, हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. तुम्ही गेली तीस-पस्तीस वर्षं एकनळी मोडून उघडताय, नळी खाली, काडतूस बाहेर, डोळा लावून आत बघायचं. तुमच्या हातांना ती सवय आहे आणि अर्ध्या झोपेतही ते हात तेच करतील. हे रिव्हॉल्वर तसंच उघडतं, उघडलं की सहाच्या सहा घरं एका नजरेत समोर, भरलंय की रिकामं याचा अंदाज करत बसायला नको. ओढायची स्लाईड नाही, कडक स्प्रिंगशी झटापट नाही. काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढला की पुढचं घर समोर येतं, डाव्या हाताला काही कामच नाही.

याची उणी बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काका एकाच बाजूने बोलतायत. घोडा मागे न ओढता नुसता चाप ओढून मारायचं तर तो लांब आणि जड जातो, आणि त्या जोराने नळी हलते, सहा-सात पावलांवर सुद्धा वीतभर बाजूला जाऊ शकतं. पिस्तुलाचा चाप, पहिली गोळी चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, असेल तर, बराच हलका. पिस्तूल चपटं, ठेवायला सोपं, रिव्हॉल्वर पोटाला फुगीर. परत भरायला रिव्हॉल्वरला वेळ लागतो. पण तुमच्या घरात, तुमच्या गरजेला, सहा की आठ याने फरक पडत नाही. आणि तो जड चाप, सरावाने बोटाला सवय होते. अंगठ्याचा जोर सरावाने परत येणार नाही, तो डॉक्टरने सांगितला तेवढाच.

म्हणून माझा कौल रिव्हॉल्वरला. मोडणाऱ्या प्रकारात निर्भीक पण बघून घ्या, २०१४ ला आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅम, गंजाला जरा कमी बधतं. पण हलकं हत्यार हातात जास्त उडतं, खिशात वाहायचं नसेल तर घरात ठेवायला नेहमीचं जड मला जास्त बरं वाटतं, आणि किमतीतही फरक आहे. प्रबल रिव्हॉल्वर २०२३ ला आलं, त्याचं गोळ्यांच्या घरांचं चक्र बाजूला उघडतं, चांगली सोय आहे, फक्त ते चक्र डाव्या हाताने ढकलायचं आणि धरायचं असतं तर दुकानात आपल्या अंगठ्याने करून बघा. निडर .२२ चं आहे, अगदी छोटं, ते मी तुम्हाला सुचवणार नाही.

त्या जुन्या वॉल्थरबद्दल. वॉल्थर पीपी हे १९२९ चं डिझाईन, खरंच देखणं काम, त्यात पहिली गोळी चाप ओढूनच मारता येते आणि सेफ्टी लावली की घोडा आपोआप सुरक्षित खाली येतो, त्या काळात हे मोठं पाऊल होतं. पण परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकात बंद झाली, म्हणून जे आहे ते जुनंच, हातोहात फिरलेलं, आणि नुसत्या नावाला लाखांनी पैसे मागतात. स्प्रिंग गेली, मॅगझिनचे ओठ वाकले, फायरिंग पिन तुटली तर सुटा भाग कुठून आणणार? कोणी तरी घासूनपुसून काहीतरी बसवून देतो आणि मग ते हत्यार भरवशाचं राहत नाही. शौक म्हणून ठीक, रात्री दोन वाजता भरवसा ठेवायला नको.

एवढं ऐकूनही पिस्तूलच घ्यायचं ठरलं तर ही एक गोष्ट घरातल्या देव्हाऱ्यासमोर बसून पाठ करा: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं नाही. एक गोळी वर चेंबरमध्ये बसलेली असते आणि बाहेरून ती दिसत नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड पूर्ण मागे, मग आत बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हाच क्रम. उलटा केला, आधी स्लाईड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर तुम्ही नवी गोळी वर चढवून हत्यार रिकामं समजून बसलात. साफ करताना सुटलेल्या गोळ्यांची मुळं मी जितकी बघितली त्यातली बहुतेक इथेच होती.

आता खाऱ्या वाऱ्याचं, जे कानपूर-दिल्लीकडच्या माणसाच्या डोक्यातही येत नाही. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. नोकरीत नवीन होतो, जुलै महिना, समुद्राकाठची जागा, एक पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून बारा-तेरा दिवस हातही लावला नाही. काढलं तेव्हा होल्स्टरच्या पितळी बटणाला हिरवा कळंक चढलेला आणि स्लाईडवर तांबूस डाग. उजेडात धरून बघितलं तर तो नुसता डाग नव्हता, माझ्याच अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ गंजात उमटलेली, शेवटचं पकडलं तेव्हा हाताला घाम होता तो पुसला नव्हता. गंज घासून निघाला पण खाली बारीक खड्डे राहिले, ते कायमचे. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की तेव्हापासून हत्यार हातातून खाली ठेवायच्या आधी फडकं फिरवल्याशिवाय राहवत नाही.

चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून होल्स्टर फक्त नेताना, साठवायला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं नाही, आत घाम धरतं. आणि खोबरेल तेल लावू नका! आपल्याकडे दाराच्या बिजागरीपासून डोक्यापर्यंत सगळ्याला खोबरेल, मला माहितीये, पण ते थंडीत थिजतं आणि काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं, फायरिंग पिनच्या जागेत गेलं तर घोडा पडतो पण बार होत नाही. बंदुकीचं तेल आणा, छोटी बाटली दोन वर्षं पुरते. पातळ हात द्यायचा, निथळेल इतकं नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, मृगापासून दिवाळीपर्यंत पंधरा दिवसांनी त्या मंद तव्यावर गरम करून परत ठेवा. नळीतून फडकं घालायचं, वर्षभर मारलं नसेल तरी. काडतुसं पण त्याच्याच शेजारी नकोत, वेगळ्या घट्ट डब्यात, आणि पितळेवर हिरवं दिसलं तर ती वापरायची नाहीत.

अजून एक गोष्ट, आणि ती मी जरा कळकळीने लिहितोय. तुम्ही म्हणालात भीती सीझनमध्ये, रोकड असते तेव्हा. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आपल्याकडे मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. म्हणजे अख्खा आंबा. त्या काळात हत्यार जमा करायची नोटीस आली तर ते पोलिस ठाण्यात, तुमच्या उशाशी नाही. तेव्हा घराचं संरक्षण हत्यारावर बेतू नका. पेट्यांचे पैसे खात्यावर घ्या, मजुरीची रोकड त्या त्या दिवशीची काढा, पडवीला आणि खळ्याला उजेड करा, एक चांगला भुंकणारा कुत्रा ठेवा, वाडीतल्या दोन घरांशी फोनचं ठरवून ठेवा. हे आधी करा आणि मग हत्यार, त्याच्या आधी नाही. जमा करताना नेहमीपेक्षा जाड तेल लावून द्या, पावतीवर नंबर बघून घ्या. माझ्या ओळखीच्या एकाचं हत्यार अशाच एका दमट खोलीतून परत आलं तेव्हा चक्र हाताने फिरत नव्हतं, आणि तक्रार करायला पावतीवर स्थितीबद्दल एक ओळही लिहिलेली नव्हती.

वहिनींबद्दल. परवाना तुमच्या नावावर आहे, त्यांच्या नाही, त्यामुळे त्यांनी चालवायचा प्रश्नच येत नाही. त्यांना हवं असेल तर त्यांनी स्वतः अर्ज करायचा, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घ्यायचं. किल्ली तुमच्यापाशीच, पण हत्यार कुठे आहे आणि कुणी कशाला हात लावायचा नाही हे त्यांना पक्कं माहीत हवं, कारण मे महिन्यात नातवंडं येतात. मुलं दुपारी सगळे झोपले की घर धुंडाळतात, माळ्यावर चढतात, कपाटाच्या वरचा डबा शोधतात, आपणही लहानपणी तेच केलंय. गादीखाली, तांदळाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे, यातलं काही चालणार नाही. भिंतीला बोल्ट मारलेली लोखंडी तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात. मग तुम्ही म्हणाल वेळेला हाताशी कसं येणार? थोडा वेळ लागेल, हो. तो वेळ तुम्हाला कुत्रा आणि पडवीचा दिवा देईल.

माकडांसाठी, डुकरांसाठी हँडगनचा विचार मनातही आणू नका, त्याचा उपयोग नाही आणि वन्यजीव कायद्यात अडकाल ते वेगळं. शिमग्याला, लग्नात हवेत बार काढायचा नाही, २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि .३२ ची गोळी किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, तुमच्या सड्यावरून खालची वाडी केवढी लांब आहे ते तुम्हीच मोजा. घरात पण तेच, जांभ्याची भिंत अडवेल, फळ्यांची आणि दार अडवेलच असं नाही, पलीकडे कोण झोपतं? स्वसंरक्षणाची कलमं भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत, एखाद्या वकिलाकडे बसून तासभर समजून घ्या, गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर ते संरक्षण मिळत नाही, आणि पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर मारलेली गोळी कोर्टात समजावणं फार कठीण जातं.

डीलरकडे जाताना आधी फोन करा आणि पिस्तूल, रिव्हॉल्वर दोन्ही समोर ठेवायला सांगा. मूळ परवाना न्या. डीलरला सांगून, त्याने रिकामं करून दाखवल्यावर, नळी भिंतीकडे ठेवून पिस्तुलाची स्लाईड दहा वेळा पूर्ण ओढा. मग ते खाली ठेवा, चहा घ्या, पाच-दहा मिनिटं जाऊ देत, आणि परत दहा वेळा ओढा. पहिल्या दहाला उत्साह असतो, तेव्हा कुणालाही जमतं. दुसऱ्या दहात सातव्या-आठव्या वेळेला अंगठा सटकला, किंवा तुम्हाला पिस्तूल पोटाशी दाबून ओढावंसं वाटलं, तर ते परत द्या आणि रिव्हॉल्वर उघडा. आणि त्या दिवशी अंगठ्याला पट्टा बांधून जाऊ नका, घरी रात्री जसा असतो तसाच न्या.